चुनखडीचा डोलोमाइट कसा होतो?

चुनखडीच्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला, की तो लगेच जोराने फसफसू लागतो. दिसायला जवळपास तसाच, तशाच करड्या-पांढऱ्या रंगाचा आणि तशाच थरांत आढळणारा दुसरा एक खडक आहे. त्याच्यावर तोच थेंब टाकला तर सुरुवातीला काहीच होत नाही, आणि भिंगातून निरखून पाहिले तरच एखाददुसरा बुडबुडा सुटताना दिसतो. त्याच तुकड्याचा पृष्ठभाग चाकूने खरवडून भुकटी केली, किंवा आम्ल थोडे गरम केले, तर मात्र हा खडकही फसफसतो. हा दुसरा खडक म्हणजे डोलोमाइट, आणि डोंगरात काम करणारे भूवैज्ञानिक आजही त्याची पहिली ओळख याच साध्या परीक्षेने पटवतात.

फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द डोलोमिय यांनी आम्लाला असा मंद प्रतिसाद देणाऱ्या खडकाचे वर्णन 1791 मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी निकोला-थिओडोर द सोस्यूर यांनी त्याचे रासायनिक विश्लेषण करून त्याला डोलोमिय यांचे नाव दिले. उत्तर इटलीतील आल्प्सच्या ज्या रांगेला आज डोलोमाइट पर्वत म्हणतात, तिचे नाव या खडकावरून पडले आहे. गंमत अशी, की त्या रांगेतले सर्वांत उंच शिखर, 3343 मीटर उंचीचे मार्मोलादा, हे मुख्यतः साध्या चुनखडीचे आहे. शेजारच्या डोंगराचा डोलोमाइट व्हावा आणि याची चुनखडी मात्र तशीच राहावी, असे का घडले? त्याचे उत्तर शोधण्यासाठी हा खडक मुळात कसा तयार होतो, हे समजून घ्यावे लागते, आणि तो प्रश्न भूविज्ञानातल्या सर्वांत चिवट प्रश्नांपैकी एक आहे.

प्रथम रचना पाहू. चुनखडी ही प्रामुख्याने कॅल्साइट या खनिजाची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची बनलेली असते. डोलोमाइट हे नाव खनिजालाही आहे आणि त्या खनिजाने बनलेल्या खडकालाही. काही अभ्यासक घोटाळा टाळण्यासाठी खडकाला डोलोस्टोन म्हणतात. या खनिजात कॅल्शियमच्या प्रत्येक अणूमागे मॅग्नेशियमचा एक अणू असतो. परंतु केवळ निम्मे-निम्मे मिश्रण झाल्याने डोलोमाइट होत नाही. त्याच्या स्फटिकात एक थर कॅल्शियमचा, मग कार्बोनेटचा, मग मॅग्नेशियमचा, मग पुन्हा कार्बोनेटचा, अशी काटेकोर मांडणी असावी लागते. पत्त्यांचा कॅट लाल-काळा, लाल-काळा असा एकाआड एक लावलेला असावा, तशी ही रचना आहे. तेच पत्ते पिसून ठेवले तर पत्ते तितकेच राहतील, पण मांडणी मोडेल. अशा पिसलेल्या मांडणीच्या खनिजाला खरा डोलोमाइट म्हणत नाहीत, तर मॅग्नेशियमबहुल कॅल्साइट किंवा आद्य-डोलोमाइट म्हणतात. ही मांडणी आहे की नाही, हे क्ष-किरणांच्या विवर्तनातून कळते, कारण एकाआड एक थर असतील तरच त्या आलेखात काही विशिष्ट जादा रेषा उमटतात. हा फरक पुस्तकी वाटेल, पण पुढे दिसेल त्याप्रमाणे डोलोमाइटविषयीचे निम्मे वाद या एका मुद्द्याभोवतीच फिरतात.

आता कोडे काय आहे ते सांगता येईल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम आणि 0.4 ग्रॅम कॅल्शियम असते. अणूंच्या संख्येत मोजले तर मॅग्नेशियम कॅल्शियमच्या पाचपटीहून थोडे अधिक भरते. कार्बोनेटही पुरेसे असते. उष्मागतिकीच्या हिशेबाने आजचे समुद्राचे पाणी डोलोमाइटच्या दृष्टीने अतिसंतृप्त आहे, म्हणजे त्यातून हे खनिज आपोआप खाली बसायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. उथळ, उबदार समुद्रात जे साचते ते कॅल्साइट आणि अॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचेच वेगळ्या स्फटिकरचनेचे खनिज) असते, डोलोमाइट नव्हे. लिंटन लँड या अमेरिकन संशोधकांनी डोलोमाइटच्या दृष्टीने हजारपट अतिसंतृप्त असलेले विरल द्रावण 25 अंश सेल्सिअस तापमानाला तब्बल 32 वर्षे ठेवून पाहिले आणि त्यातून डोलोमाइट तयार झाला नाही, असा अहवाल 1998 मध्ये प्रसिद्ध केला. अपयशाची इतकी प्रामाणिक आणि इतकी दीर्घ नोंद विज्ञानात क्वचितच आढळते.

दुसऱ्या बाजूला, प्राचीन खडकांकडे पाहिले तर डोलोमाइटची रेलचेल आहे. कॅम्ब्रियनपूर्व काळातील कार्बोनेट खडकांत तर त्याचा वाटा फारच मोठा आहे, आणि पुढील काळातही सिल्युरियन, पर्मियन, ट्रायासिक अशा कालखंडांत त्याचे प्रचंड जाडीचे थर साचलेले दिसतात. नायगारा धबधब्याच्या माथ्यावरचा कठीण थर सिल्युरियन काळातल्या डोलोमाइटचा आहे. त्याच्या खालचा मऊ शेल, म्हणजे चिखल दाबला जाऊन बनलेला खडक, झिजत जातो आणि वरचा डोलोमाइट कड्यासारखा टिकून राहतो. आल्प्समध्ये उत्तर-ट्रायासिक काळातील डोलोमाइटच्या एका शैलसमूहाची जाडी काही ठिकाणी हजार मीटरहूनही जास्त आहे. आज जो खडक निसर्गात अत्यल्प प्रमाणात तयार होतो आणि सामान्य तापमानाच्या प्रयोगशाळेत दशकानुदशके तयार झाला नाही, तो पूर्वी डोंगरच्या डोंगर व्यापून कसा तयार झाला? याच विसंगतीला भूवैज्ञानिक डोलोमाइटची समस्या म्हणतात.

तयार न होण्याचे एक कारण मॅग्नेशियमच्या स्वभावात आहे. मॅग्नेशियमचा आयन कॅल्शियमच्या आयनापेक्षा लहान असतो, त्यामुळे त्याचा विद्युतभार थोड्या जागेत एकवटलेला असतो आणि तो भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून ठेवतो. पाण्यात वावरताना त्याच्याभोवती सहा रेणूंचे कवचच असते. स्फटिकात शिरायचे तर हे कवच उतरवावे लागते, आणि त्याला ऊर्जा लागते. कॅल्शियमचे पाण्याशी नाते त्या मानाने सैल असल्यामुळे तो चटकन कार्बोनेटला जाऊन चिकटतो, आणि मॅग्नेशियम कवच सोडेपर्यंत कॅल्साइट किंवा अॅरागोनाइट तयार होऊन बसलेला असतो. दुसरे कारण मांडणीचे. जे थोडे मॅग्नेशियम स्फटिकाच्या कडेवर येऊन बसते, ते योग्य जागीच बसेल याची शाश्वती नसते. कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आणि मॅग्नेशियमच्या जागी कॅल्शियम बसत गेले की स्फटिकात ताण निर्माण होतो आणि त्याची वाढ खुंटते. म्हणजे कच्चा माल मुबलक असूनही अडथळा गतीचा आहे. तापमान वाढवले की हा अडथळा झपाट्याने कमी होतो. सुमारे 200 अंश सेल्सिअसला मॅग्नेशियमयुक्त द्रावणात ठेवलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचे काही दिवसांतच डोलोमाइटमध्ये रूपांतर होते. पण उथळ समुद्राच्या तळाशी 200 अंश तापमान नसते, आणि अनेक प्राचीन डोलोमाइटांच्या अंगी इतक्या उष्णतेची कोणतीही खूण नाही.

यातून बाहेर पडण्याची वाट प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारल्यावर सापडते. प्राचीन डोलोमाइट समुद्राच्या पाण्यातून थेट खाली बसला, असे गृहीत धरण्याची गरजच नाही. बहुतेक डोलोमाइट हा आधी चुनखडी किंवा चुनखडीचा ओला गाळ होता आणि नंतर त्याचे रूपांतर झाले, याचे पुरावे खडकातच सापडतात. डोलोमाइटमध्ये शिंपल्यांचे, प्रवाळांचे आणि समुद्री लिलींचे ठसे दिसतात. या प्राण्यांनी आपली कवचे कॅल्साइटची किंवा अॅरागोनाइटची बांधली होती, याविषयी शंका नाही. तरीही त्यांच्या जागी आज डोलोमाइटचे स्फटिक आहेत आणि मूळ आकाराची केवळ धूसर छाया उरली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली समभुज चौकोनासारखे दिसणारे डोलोमाइटचे स्फटिक जुन्या कणांच्या सीमा बिनदिक्कत ओलांडून वाढलेले दिसतात. या बदलाला डोलोमाइटीभवन म्हणतात, आणि त्याचे सूत्र शब्दांत सांगायचे तर कॅल्शियम कार्बोनेटच्या दोन भागांतून कॅल्शियमचा एक भाग पाण्यात निघून जातो व त्याच्या जागी मॅग्नेशियमचा एक भाग येऊन बसतो.

हे सूत्र वाचायला सोपे आहे, पण त्याचा हिशेब मांडला की त्यामागची खरी अडचण लक्षात येते. एक घनमीटर भरीव चुनखडीचे वस्तुमान सुमारे 2700 किलो असते. तिचे पूर्ण डोलोमाइटीभवन करायला जवळपास 330 किलो मॅग्नेशियम बाहेरून आणावे लागते. समुद्राच्या एका घनमीटर पाण्यात 1.3 किलो मॅग्नेशियम असते. म्हणजे पाण्यातला मॅग्नेशियमचा प्रत्येक अणू खडकात उतरला असे अगदी उदारपणे मानले, तरी एक घनमीटर खडकामागे अडीचशे घनमीटर समुद्राचे पाणी लागेल. प्रत्यक्षात पाणी आपले सगळे मॅग्नेशियम कधीच सोडत नाही, त्यामुळे खरा आकडा याहून बराच मोठा असणार. आणि हे पाणी खडकाजवळ नुसते असून भागत नाही. ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतून वाहत गेले पाहिजे, मॅग्नेशियम देऊन आणि कॅल्शियम घेऊन बाहेर पडले पाहिजे, आणि त्याच्या मागून ताजे पाणी आले पाहिजे. हजार मीटर जाडीच्या आणि शेकडो किलोमीटर पसरलेल्या थरांसाठी हे लाखो वर्षे चालू राहायला हवे. माझ्या मते डोलोमाइटविषयीच्या कोणत्याही सिद्धांताला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, की पाणी ढकलणारा पंप कोणता. गेल्या साठ-सत्तर वर्षांतले निरनिराळे सिद्धांत म्हणजे बहुतांशी या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

सागरी द्रोणी म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा हळूहळू खचत जाणारा आणि गाळाने भरत जाणारा खोलगट भाग. तिच्या कडांवर, जेथे पाणी उथळ, उबदार आणि स्वच्छ असते, तेथे प्रवाळ, शैवाल आणि कवचधारी प्राणी कार्बोनेटचा गाळ वेगाने तयार करतात. तळ खचत राहिला आणि गाळही तितक्याच वेगाने साचत राहिला, तर पाणी उथळच राहते आणि त्याखाली शेकडो मीटर जाडीची चुनखडी उभी राहते. डोलोमाइटचा बहुतेक सारा इतिहास याच उथळ कार्बोनेटी मंचांवर घडला आहे.

अशा मंचाच्या किनाऱ्यालगत, कोरड्या हवामानात, काय होते हे 1960 च्या दशकात अबू धाबीच्या किनाऱ्यावर तपशीलाने पाहायला मिळाले. तेथे भरतीच्या पातळीच्या थोडी वर अत्यंत सपाट, खारवलेली मैदाने पसरलेली आहेत. अरबी भाषेत त्यांना सबखा म्हणतात आणि भूविज्ञानानेही तोच शब्द उचलला आहे. भरतीचे पाणी या मैदानांवर अधूनमधून पसरते, गाळात मुरते आणि उन्हाने आटत जाते. मूळच्या तीन-चार पट तीव्र झाले की त्यातून जिप्सम बाहेर पडू लागते. जिप्सम हे कॅल्शियमचे सल्फेट असल्यामुळे ते साचताना पाण्यातले कॅल्शियम खर्ची पडते, मॅग्नेशियम मात्र तसेच राहते. त्यामुळे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे प्रमाण पाचावरून दहाच्या पलीकडे जाते, आणि अशा मिठवणीच्या संपर्कात आलेल्या अॅरागोनाइटच्या चिखलात डोलोमाइटचे बारीक स्फटिक तयार होऊ लागतात. बहामातील अँड्रॉस बेटाच्या किनारी मैदानांवरही अशा डोलोमाइटचे पातळ पापुद्रे सापडले. भूतकाळातल्या अनेक डोलोमाइटांत चिखलाला पडलेल्या भेगा, सूक्ष्मजीवांच्या चटयांनी बनवलेले नागमोडी पापुद्रे आणि जिप्समच्या स्फटिकांचे रिकामे साचे एकत्र सापडतात, तेव्हा सबखाचे चित्र चपखल बसते. मात्र आजच्या सबखांतला डोलोमाइट प्रमाणाने थोडा, पातळ थरांपुरता आणि मांडणीने अर्धवट असतो. एवढ्यावरून हजार मीटरचा डोंगर उभा राहत नाही.

त्याहून मोठ्या प्रमाणावर चालणारा पंप जॉन अॅडम्स आणि मेरी लुईस ऱ्होड्स यांनी 1960 मध्ये मांडला. अमेरिकेतील पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिको येथील पर्मियन द्रोणीच्या काठाने सुमारे 26 कोटी वर्षांपूर्वी एक विशाल प्रवाळभित्तीसदृश बांध उभा होता, आणि त्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला, रुंद व उथळ खारकच्छ पसरलेले होते. समुद्राशी मुक्त संपर्क नसलेल्या या खारकच्छातले पाणी उन्हाने आटून तीव्र होत गेले. समुद्राच्या साध्या पाण्याची घनता 1.03 च्या आसपास असते. जिप्सम साचू लागेपर्यंत ती 1.1 च्या घरात जाते. फरक किरकोळ वाटेल, पण जड पाणी हलक्या पाण्यावर टिकून राहू शकत नाही. ही मिठवणी तळातल्या सच्छिद्र चुनखडीत उतरते, तेथले हलके पाणी पुढे ढकलते आणि बांधाच्या खालून द्रोणीच्या खोल भागाकडे पाझरत जाते. खारकच्छाला वरून समुद्राचे नवे पाणी मिळत राहते आणि सूर्य ते आटवत राहतो, तोवर हे चक्र थांबत नाही. वाटेत येणाऱ्या चुनखडीला मॅग्नेशियमने समृद्ध पाणी सतत मिळत राहते. साध्या समुद्राच्या पाण्यापेक्षा मिठवणीत मॅग्नेशियम कित्येक पट अधिक असल्यामुळे वरच्या हिशेबातले पाण्याचे ओझेही बरेच हलके होते. पर्मियन बांधाचा समुद्राकडील गाभा मुख्यत्वे चुनखडीचाच राहिला आणि त्याच्या मागचे खारकच्छाकडील थर डोलोमाइटचे झाले, हे वितरण या कल्पनेशी चांगले जुळते. जगातल्या अनेक द्रोणींत डोलोमाइट आणि जिप्सम किंवा मिठाचे थर एकमेकांना चिकटून आढळतात, तेही याच दिशेने बोट दाखवते. पुराव्याच्या दृष्टीने मला हा सिद्धांत सगळ्यांत भक्कम वाटतो, निदान ज्या ठिकाणी जवळपास आटलेल्या पाण्याचे क्षार सापडतात त्या ठिकाणी तरी.

याच्या उलट, एका सिद्धांताचा बोलबाला झाला आणि मग तो मागे पडला, तोही सांगण्यासारखा आहे. 1970 च्या दशकात असे सुचवले गेले, की किनाऱ्याखाली जेथे गोडे भूजल आणि समुद्राचे खारे पाणी मिसळते, त्या पट्ट्यात डोलोमाइट तयार होतो. रसायनशास्त्राचा युक्तिवाद आकर्षक होता: विशिष्ट प्रमाणात झालेले हे मिश्रण कॅल्साइट विरघळवू शकते, पण त्याच वेळी डोलोमाइटच्या दृष्टीने अतिसंतृप्त राहते. त्यामुळे जिप्समचा मागमूस नसलेल्या प्राचीन डोलोमाइटांनाही एक स्पष्टीकरण मिळाले, आणि पुढची काही वर्षे जगभरातले असे अनेक डोलोमाइट या खात्यात जमा झाले. मग आजचे असे मिश्र पाण्याचे पट्टे प्रत्यक्ष तपासले गेले. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यासारख्या ठिकाणी या पट्ट्यात चुनखडी विरघळून गुहा झालेल्या आढळल्या, पण डोलोमाइट जवळपास नव्हताच. कागदावर शक्य असलेली प्रतिक्रिया घडतेच असे नाही, ही गोष्ट समुद्राच्या पाण्याने आधीच शिकवलेली असताना तिचा विसर पडला होता.

साध्या समुद्राच्या पाण्यानेही हे काम होऊ शकते, असे मानायला मात्र चांगला आधार आहे. बहामा आणि केमन यांसारख्या बेटांखाली गेल्या दोन-अडीच कोटी वर्षांत तयार झालेला डोलोमाइट सापडतो, त्याला ना जाड जिप्समची साथ आहे, ना मोठ्या उष्णतेची. अशा ठिकाणी पंप उष्णतेचा असू शकतो. कार्बोनेटी मंच म्हणजे खोल समुद्रातून उभा राहिलेला जाड ठोकळा; त्याच्या बाजूंना थंड पाणी आणि आत भूगर्भातून येणारी ऊब. खोलवरचे थंड समुद्राचे पाणी कडेने आत शिरते, आत तापून हलके होते आणि वर चढते, की त्याच्या जागी पुन्हा थंड पाणी येते. फ्लोरिडाच्या मंचाखाली असे अभिसरण चालू असल्याचे 1960 च्या दशकापासून माहीत आहे. हा पंप हळू चालतो, पण त्याला हवामानाची अट नाही आणि पाण्याचा साठा म्हणाल तर सारा महासागर त्याच्या दिमतीला आहे.

गाळ खोल गाडला गेल्यावर काय होते, याविषयी थोडक्यात सांगता येईल. दर किलोमीटर खोलीमागे तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटर खाली गतीचा अडथळा बराच कमी झालेला असतो. परंतु तेथे पाणी तुटपुंजे असते. शेजारचे शेलचे थर दाबले जाऊन त्यांतून पिळून निघणारे पाणी द्रोणीच्या काठावरची थोडी चुनखडी बदलू शकेल, संपूर्ण मंच नव्हे. अपवाद आहे तो भेगांचा. मोठ्या प्रस्तरभंगांतून खोलातले गरम, खारे पाणी वर उसळते आणि वाटेतल्या चुनखडीचा अरुंद पट्टा बदलून टाकते. अमेरिकेतील मिशिगन द्रोणीत ऑर्डोव्हिशियन चुनखडीत असा डोलोमाइट कित्येक किलोमीटर लांबीच्या, पण जेमतेम एक-दोन किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात सापडतो आणि त्याच पट्ट्याच्या छिद्रांत खनिज तेल साठलेले आहे. अशा गरम पाण्यातून वाढलेल्या स्फटिकांच्या बाजू सपाट नसून खोगिरासारख्या वाकलेल्या असतात, म्हणून त्याला खोगिरी डोलोमाइट म्हणतात. शिसे आणि जस्त यांची कित्येक मोठी खनिजनिक्षेपे अशाच डोलोमाइटमध्ये आहेत, कारण तेच गरम पाणी धातूही वाहून आणते.

तेलाचा उल्लेख आला, म्हणून एका लोकप्रिय समजुतीविषयीही लिहिले पाहिजे. कॅल्साइटच्या दोन रेणूंपासून डोलोमाइटचा एक रेणू तयार झाला तर आकारमान सुमारे 12 ते 13 टक्क्यांनी घटते. एली द बोमाँ यांनी 1836 मध्येच हा हिशेब मांडला होता. त्यावरून डोलोमाइट चुनखडीपेक्षा सच्छिद्र असतो आणि म्हणून त्यात तेल व वायू साठतात, असे सरसकट सांगितले जाते. हा हिशेब बरोबर आहे, पण त्यात बाहेरून नवे कार्बोनेट येत नाही असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात वाहते पाणी मॅग्नेशियमबरोबर कार्बोनेटही आणते आणि प्रक्रिया लांबली तर डोलोमाइट उरलेली छिद्रेही बुजवून टाकतो. डोलोमाइटचा मोठा फायदा वेगळाच आहे: त्याचे कणखर स्फटिक खोलवरच्या दाबाला चुनखडीपेक्षा अधिक चांगले तोंड देतात, त्यामुळे जी छिद्रे आधी होती ती टिकून राहतात.

पंपाचा प्रश्न असा काही अंशी सुटला, तरी गतीचा प्रश्न उरतोच. पाणी कितीही वाहिले तरी सामान्य तापमानाला पहिला स्फटिक बसतो कसा? 1995 मध्ये क्रिसोगोनो वास्कोन्सेलोस, ज्युडिथ मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधील लागोआ व्हर्मेल्या या खारकच्छाच्या अभ्यासातून दाखवले, की सल्फेटचे क्षपण करणारे, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेणारे, जीवाणू डोलोमाइट तयार होण्यास हातभार लावतात. हे जीवाणू पाण्याची क्षारता (खारटपणा नव्हे, अल्कलीपणा) वाढवतात आणि त्यांच्याभोवतीचा चिकट पदार्थ मॅग्नेशियमचे पाण्याचे कवच सैल करतो, असे मानले जाते. ही कल्पना फार फलदायी ठरली, परंतु येथे पत्त्यांच्या कॅटची आठवण ठेवावी लागते. जीवाणूंच्या साहाय्याने प्रयोगशाळेत बनवलेल्या कित्येक डोलोमाइटांची पुन्हा तपासणी केली असता, एकाआड एक मांडणीची खूण असलेल्या रेषा त्यांच्या आलेखात स्पष्ट दिसल्या नाहीत. प्रमाण डोलोमाइटचे, पण पत्ते पिसलेले. म्हणून जीवाणू सुरुवात करून देत असावेत आणि खरा डोलोमाइट नंतर, पुनःस्फटिकीकरणातून घडत असावा, असे म्हणणे सध्या अधिक सुरक्षित आहे.

पिसलेले पत्ते पुन्हा जुळतात कसे, याचे एक सुंदर उत्तर 2023 मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि जपानमधील होक्काइदो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी दिले. स्फटिकाच्या कडेवर चुकीच्या जागी बसलेले अणू ताणाखाली असतात, त्यामुळे योग्य जागी बसलेल्या अणूंपेक्षा ते लवकर विरघळतात. द्रावण सतत अतिसंतृप्त राहिले तर चुकीचे अणू चुकीच्याच जागी गाडले जातात आणि वाढ थांबते. पण द्रावण मधूनमधून पातळ होत राहिले, तर प्रत्येक वेळी चुका धुऊन निघतात, नीट बसलेले अणू टिकतात आणि पुढच्या खेपेला त्यांच्यावर नवा थर बसतो. गणिती अनुकरणातून असे दिसले, की या उलटसुलट चक्रामुळे वाढीचा वेग एक कोटी पटींपर्यंत वाढू शकतो. प्रत्यक्ष प्रयोगात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या शलाकेचे सुमारे दोन तासांत 4000 झोत देऊन द्रावण पुन्हापुन्हा विद्रावक करण्यात आले, आणि डोलोमाइटच्या बीजस्फटिकावर जवळजवळ 100 नॅनोमीटर, म्हणजे सुमारे 300 थरांची वाढ झाली. लँड यांच्या 32 वर्षांच्या प्रयोगात उणीव होती ती बहुधा अशा चढउताराची. त्यांचे द्रावण अतिसंतृप्त होते, पण ते अतिसंतृप्तच राहिले.

या दृष्टीने पाहिले, तर किनाऱ्यावरची सपाट मैदाने आणि उथळ खारकच्छे डोलोमाइटला का मानवतात, हे अधिक नीट कळते. भरती येते आणि ओसरते, पाऊस पडून पाणी पातळ होते आणि उन्हाने पुन्हा तीव्र होते. जीवाणूंच्या श्वसनाने क्षारताही दिवसरात्र बदलते. खोल समुद्रात हे काहीच नसते. तरीही या प्रयोगाने सारे सुटले असे म्हणणे घाईचे होईल. 100 नॅनोमीटरचा स्फटिक आणि हजार मीटरचा थर यांच्यामधले अंतर फार मोठे आहे, आणि वाढीचा वेग कितीही वाढला तरी एका घनमीटरमागे अडीचशे घनमीटर पाण्याचा हिशेब काही बदलत नाही. वेग आणि पुरवठा ही दोन निरनिराळी कुलुपे आहेत.

मग जुन्या काळी डोलोमाइट जास्त का? समुद्राची पातळी उंच असलेल्या कालखंडांत खंडांचे विस्तीर्ण भाग उथळ पाण्याखाली होते, त्यामुळे आजच्यापेक्षा कितीतरी मोठे कार्बोनेटी मंच उपलब्ध होते. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम-कॅल्शियमचे प्रमाणही स्थिर नव्हते; मध्य-महासागरी पर्वतरांगांवर तप्त बेसॉल्टमधून फिरणारे पाणी आपले मॅग्नेशियम खडकाला देऊन येते, त्यामुळे या रांगांची सक्रियता बदलली की समुद्राचे रसायनही बदलते. या दोन कारणांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मी साध्या वयाला देईन. कोट्यवधी वर्षांच्या खडकाला एकदा नव्हे, अनेकदा पाणी भेटलेले असते.

हे अनेकदा भेटणे डोलोमाइटच्या पातळ छेदात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी घासून पातळ केलेल्या चकतीत, वाचता येते. कित्येक स्फटिकांचा गाभा गढूळ दिसतो, कारण मूळ चुनखडीचे अवशेष त्यात अडकलेले असतात, आणि भोवतालची कडा काचेसारखी स्वच्छ असते, कारण ती नंतर मोकळ्या जागेत वाढलेली असते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून, पाण्याचे तापमान आणि तीव्रता यांचा अंदाज घेता येतो. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर त्या त्या काळच्या समुद्राशी ताडून पाहिले, की ते पाणी समुद्राचे होते की खोल कवचातून आलेले होते, हे कळू शकते. स्फटिकात अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब गरम मिठवणीची थेट साक्ष देतात. एकाच नमुन्यात गाभा किनाऱ्यावरच्या मिठवणीचा आणि कडा दोन किलोमीटर खोलीवरच्या गरम पाण्याची, असे आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. मार्मोलादाची चुनखडी चुनखडी का राहिली, यासारखे प्रश्नही याच रीतीने, त्या त्या डोंगरासाठी वेगळे सोडवावे लागतात: मॅग्नेशियमयुक्त पाण्याला तेथवर वाट होती का, आणि असली तर किती काळ?

शिवाय ही वाट उलट दिशेलाही जाते. डोलोमाइटच्या शेजारचे जिप्सम पुढे कधी भूजलात विरघळू लागले, तर पाण्यात कॅल्शियम वाढते, त्यातून कॅल्साइट खाली बसतो आणि डोलोमाइट विरघळू लागतो. अशा खडकाच्या छेदात समभुज चौकोनाचे नेटके आकार दिसतात, अगदी डोलोमाइटचे असावेत तसे; त्यांच्यावर आम्लाचा थेंब टाकला, तर ते कॅल्साइटसारखे जोराने फसफसतात.